सीवर लायनर ५० वर्षं टिकेल का? ऱ्हासाचं मॉडेल पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

जुन्या सीवरमध्ये आतून लायनर टाकायचं काम निघालं की कागदावर एक ओळ हमखास असते, डिझाइन लाइफ ५० वर्षं. नवीन लागलेला इंजिनिअर किंवा एमटेकचा विद्यार्थी ती ओळ वाचतो आणि त्याला वाटतं की कुणीतरी ५० वर्षं हे बघून लिहिलेलं असणार. तसं नाहीये. ज्याला आपण सगळे सीआयपीपी म्हणतो, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेली पिशवी पाइपात फुगवून जागेवरच कडक करायची, ते पहिल्यांदा एरिक वुड यांनी १९७१ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात केलं. म्हणजे जगातला सगळ्यात जुना लायनर आत्ता कुठे पन्नाशी ओलांडतोय, आणि आज जे ग्लास फायबरचे यूव्हीवर (अतिनील प्रकाशावर) क्युअर होणारे, म्हणजे कडक होणारे, लायनर टाकतात ते तर त्याच्या बरेच नंतरचे. त्यामुळे ५० हा आकडा मोजलेला नाही, मॉडेलमधून काढलेला आहे, आणि मॉडेल कुणी कसं बांधलं यावर तो आकडा खरा की खोटा हे ठरतं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स थोडंफार आठवतंय, एक्सेल येतं, जमलं तर पायथॉन येतं आणि आता कुणीतरी सांगितलंय की या लायनरचं आयुष्य काढून दे. पायऱ्या क्रमाने दिल्यात, क्रम बदलू नका, कारण बहुतेक जण चौथ्या-पाचव्या पायरीवर उडी मारतात आणि पहिलीच राहून जाते.

पायरी १: "संपला" म्हणजे काय ते आधी लिहा

लायनर वेगवेगळ्या कारणांनी निकामी होतो आणि प्रत्येक कारणाचं गणित वेगळं. बाहेरून जमिनीतल्या पाण्याचा दाब येऊन लायनर आत दबणं, ज्याला बकलिंग म्हणतात, हे एक. घरांच्या जोडण्यांसाठी जिथे रोबोटने लायनर कापलाय तिथून पाणी आत येणं हे दुसरं. वाळू-खडीने तळ झिजणं किंवा जेटिंग मशीनच्या नोझलने आतली फिल्म फाटणं हे तिसरं. यातलं बकलिंग मॉडेल करायला सगळ्यात सरळ आहे म्हणून सगळे तेच करतात, पण गळतीच्या तक्रारी जास्त करून जोडण्यांच्या कापलेल्या कडांवर आणि मॅनहोलजवळच्या टोकांना येतात, हे डोक्यात ठेवा. रिपोर्टच्या पहिल्याच पानावर साफ लिहा की मी अमुक प्रकारच्या बिघाडाचं आयुष्य काढतोय. नाहीतर वाचणारा समजतो की सगळ्याचंच काढलंय.

इथून पुढे आपण बकलिंग धरून चालू, कारण त्यात ऱ्हासाचे सगळे प्रकार एकत्र येतात.

पायरी २: हाताने एक गणित करा, सॉफ्टवेअर नंतर

एएसटीएम एफ १२१६ हे अमेरिकन स्टँडर्ड या क्षेत्रात सगळीकडे वापरतात. मूळ पाइप थोडाच खराब आहे, माती आणि रस्त्याचा भार तोच घेतोय आणि लायनरने फक्त पाण्याचा दाब घ्यायचाय, अशा केससाठी त्यातलं सूत्र शब्दांत असं: सहन होणारा दाब म्हणजे २ गुणिले ७ गुणिले दीर्घकालीन मॉड्युलस, भागिले (१ वजा पॉयसन रेशोचा वर्ग), मग त्याला (व्यास भागिले जाडी वजा १) च्या घनाने भागायचं, शेवटी गोलाई बिघडल्याचा फॅक्टर गुणायचा आणि सेफ्टी फॅक्टरने भागायचं. तो ७ म्हणजे बाहेरच्या जुन्या पाइपाचा लायनरला जो आधार मिळतो त्याचा वाढीव गुणक, तो प्रयोगांतून आलाय. गोलाईचा फॅक्टर असा काढतात: पाइप जितके टक्के चपटा तो आकडा १०० ने भागून १ मधून वजा करा, त्याला तोच आकडा १ मध्ये मिळवून केलेल्या वर्गाने भागा, आणि आलेल्या उत्तराचा घन करा.

आता आकडे टाकू. ६०० मिमी व्यास, ९ मिमी जाडी, सुरुवातीचा मॉड्युलस २००० मेगापास्कल, ५० वर्षांनी तो निम्मा म्हणजे १००० धरायचा, पॉयसन रेशो ०.३, पाइप २ टक्के चपटा, सेफ्टी फॅक्टर २. उत्तर येतं साधारण २२.७ किलोपास्कल, म्हणजे पाइपच्या तळापासून २.३ मीटर पाण्याची उंची.

आता एकेक गोष्ट हलवून बघा, आणि हे स्वतः करा, माझं उत्तर कॉपी करू नका. मॉड्युलस निम्म्याऐवजी ४० टक्केच उरला तर २.३ चे १.८५ मीटर होतात. मॉड्युलस तोच ठेवून पाइप २ च्या जागी ५ टक्के चपटा निघाला तर १.७७ मीटर. आणि दोन्ही तसंच ठेवून जाडी ९ ऐवजी फक्त ८ मिमी भरली तर १.६ मीटर. एक मिलिमीटर! जाडी ११ टक्क्यांनी कमी आणि ताकद ३० टक्क्यांनी गेली, कारण जाडी घनात बसलीये. तिन्ही गोष्टी एकदम वाईट निघाल्या तर जेमतेम १ मीटर उरतो.

मला नवीन लोकांना सगळ्यात आधी हेच दाखवावंसं वाटतं. पॉलिमरचा ऱ्हास, क्रीप, हायड्रोलिसिस (हे शब्द पुढच्या पायऱ्यांत समजावलेत) यावर आपण महिनोन्महिने घालवतो आणि जाडी मात्र टेंडरमधून उचलतो. ज्याने जाडी मोजली नाही त्याच्या ऱ्हासाच्या मॉडेलला काही अर्थ नाही, मग त्यात कितीही भारी समीकरणं असू देत.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. जर्मनीकडच्या पद्धतीत ग्लॉक यांचं १९७७ चं सूत्र आधाराला असतं, त्यात जाडी भागिले व्यास याचा घात ३ नसून २.२ आहे, कारण तिथे लायनर जुन्या पाइपात घट्ट बसलाय असं धरून गणित केलंय. वरच्याच आकड्यांना सेफ्टी फॅक्टर आणि चपटेपणा काढून दोन्ही सूत्रं लावलीत तर ग्लॉकचं उत्तर जवळपास दुप्पट येतं, साधारण १०७ विरुद्ध ५४ किलोपास्कल. खूश होऊ नका, लायनर आणि पाइपमध्ये थोडी जरी फट राहिली तरी ते उत्तर भराभर खाली येतं. रेझिन क्युअर होताना आक्रसतं, त्यामुळे थोडी फट असतेच. कुठलं सूत्र वापरलं ते लिहा आणि दोन सूत्रांचे फॅक्टर एकमेकांत मिसळू नका.

पायरी ३: क्रीप, म्हणजे तो ५० टक्के येतो कुठून

प्लास्टिकवर कायमचा भार राहिला की ते हळूहळू वाकत जातं, भार न वाढवताही. वाढत्या वाकण्यामुळे त्याचा मॉड्युलस कमी झाल्यासारखा दिसतो, त्यालाच क्रीप मॉड्युलस म्हणायचं. फेल्ट (नमद्यासारखं कापड) आणि पॉलिएस्टर रेझिनच्या लायनरसाठी ५० वर्षांनी निम्मा मॉड्युलस धरायची सवय पडून गेलीये. एफ १२१६ मध्ये हा ५० टक्क्यांचा आकडा सक्तीचा नाहीये, स्टँडर्ड एवढंच म्हणतं की भार जितका काळ राहणार आहे त्या काळाचा मॉड्युलस घ्या. ग्लास फायबरचे लायनर बरेच कमी क्रीप होतात, त्यांना निम्मा धरला तर उगाच जाड लायनर लागतो, आणि उलट एखादं स्वस्त रेझिन नीट क्युअर झालेलं नसेल तर निम्मासुद्धा जास्त ठरू शकतो.

टेस्ट अशी असते की पट्टी तीन बिंदूंवर वाकवून, शक्यतो पाण्यात बुडवून, कायम भाराखाली १०,००० तास ठेवायची, म्हणजे साधारण १४ महिने. ५० वर्षं म्हणजे ४,३८,००० तास. तर १०,००० वरून ४,३८,००० वर जायचं म्हणजे लॉग स्केलवर दीड दशकापेक्षा (इथे दशक म्हणजे दहापट) जास्त पुढे उडी. या उडीत काय होतं ते बघा. समजा १,००० तासांना मॉड्युलस १५०० मेगापास्कल होता आणि १०,००० तासांना १३५० झाला. लॉग-लॉग कागदावर सरळ रेष पुढे नेली तर ५० वर्षांना ११३६ येतो, म्हणजे २००० च्या ५७ टक्के. आता १०,००० तासांचं तेच रीडिंग १३०० असतं तर? ५० वर्षांना १०२८, म्हणजे ५१ टक्के. शेवटच्या एका रीडिंगमधला ४ टक्क्यांचा फरक ५० वर्षांना जवळपास १० टक्के झाला. डायल गेज हलला, प्रयोगशाळेचा एसी रविवारी बंद राहिला, एवढ्याने हे होऊ शकतं.

म्हणून फिटिंग करताना काही गोष्टी पाळा. रीडिंग लॉग वेळेवर सारख्या अंतराने घ्या, म्हणजे १, ३, १०, ३०, १००, ३०० असे, नाहीतर शेवटच्या महिन्यांत रोज घेतलेली रीडिंगच सगळी रेष ओढून नेतात. पहिल्या काही तासांचा डेटा आणि १,००० तासांनंतरचा डेटा वेगळा फिट करून उतार ताडून बघा, पाणी आत शिरल्यावर उतार बदलला असेल तर पुढची उडी नंतरच्याच उताराने मारा. फिंडलीचा पॉवर लॉ नवशिक्याला पुरतो, म्हणजे ताण पडल्याबरोबर जेवढं वाकलं ते, अधिक एक स्थिरांक गुणिले वेळेचा घात. स्प्रिंग आणि डॅशपॉटचं बर्गर्स मॉडेल पुस्तकात छान दिसतं पण त्याचा शेवटचा डॅशपॉट सरळ रेषेत वाहतच राहतो, त्यामुळे ५० वर्षांना ते भलतंच उत्तर देऊ शकतं. आणि उत्तर एकच आकडा देऊ नका, रेषेभोवतीचा विश्वासपट्टाही (कॉन्फिडन्स बँड) द्या, ५० वर्षांना तो किती रुंद होतो ते बघून वरिष्ठही जरा थांबून विचार करतात.

भार कायम आहे का हेही विचारा. पुण्यासारख्या ठिकाणी नाल्याकाठच्या लाइनवर पावसाळ्यात पाणी चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं, मुंबईत किनाऱ्याजवळ भरती-ओहोटीचा असर जमिनीतल्या पाण्यावर होतो. पाणी उतरलं की लायनर थोडा सावरतो. वर्षातले चार-पाच महिनेच भार असेल तर ५० वर्षं सलग भार धरणं हे सुरक्षित बाजूला जास्तच जाणं झालं. उलट लाइन कायम पाण्याच्या पातळीखाली असेल, किनारी भागात असं खूप असतं, तर काही सूट घेऊ नका.

पायरी ४: पाणी आत शिरतं, किती वेळात?

लायनर दिसायला घट्ट असला तरी पाण्याचे रेणू रेझिनमध्ये हळूहळू शिरतातच. त्यासाठी फिकचा नियम लावतात. पट्टी पाण्यात बुडवा, मधूनमधून पुसून वजन करा, वाढलेलं वजन वेळेच्या वर्गमुळासमोर मांडा, सुरुवातीला सरळ रेष येते, तिच्या उतारावरून डिफ्युजन गुणांक काढा. पॉलिएस्टर रेझिनसाठी साध्या तापमानाला तो साधारण १० चा उणे १२ वा घात चौरस मीटर प्रति सेकंद, या घरात असतो.

आता जाडीचा वर्ग भागिले हा गुणांक करा. ९ मिमी जाडी, एकाच बाजूने पाणी, तर वेळ येतो साधारण अडीच वर्षं. दोन्ही बाजूंनी पाणी असेल तर अर्धी जाडी घ्यायची, मग ७-८ महिने. याचा अर्थ सीवरमधला लायनर त्याच्या आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतच पूर्ण भिजलेला असतो आणि उरलेली सगळी वर्षं तो भिजलेलाच राहतो. आणि एफ १२१६ मधली केमिकल टेस्ट किती दिवसांची आहे? एक महिना, २३ अंशांना, वेगवेगळ्या द्रावणांत, आणि मॉड्युलस व स्ट्रेंथ २० टक्क्यांपेक्षा जास्त घसरायला नको. खरेदीच्या वेळी वाईट माल बाहेर काढायला ती टेस्ट उपयोगी आहे, पण एका महिन्यात जाड पट्टी मध्यापर्यंत भिजतच नाही, त्यामुळे त्या टेस्टचा आकडा उचलून ५० वर्षांच्या मॉडेलमध्ये घालायचा नाही.

पाणी शिरल्यावर दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि त्या वेगळ्या ठेवणं फार गरजेचं आहे. एक, पाणी रेझिनला मऊ करतं, पट्टी सुकवली की मॉड्युलस बराचसा परत येतो. दोन, पाणी पॉलिएस्टरमधले एस्टर बंध तोडतं, याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि हे नुकसान परत येत नाही. ओळखायचं कसं? भिजलेली पट्टी मोजा, मग तिचं वजन स्थिर होईपर्यंत मंद उष्णतेत सुकवा आणि परत मोजा. जे परत आलं ते मऊपणाचं, जे आलं नाही ते कायमचं गेलं. साधी टेस्ट आहे, खर्च जवळपास नाही, तरी फार कमी लोक करतात.

पायरी ५: ॲसिड, आणि त्याहून दुर्लक्षित अल्कली

सीवरच्या वरच्या कमानीचं काँक्रीट का खाल्लं जातं ते माहीत असेलच, तरी थोडक्यात. तळाच्या बुळबुळीत थरातले जंतू सल्फेटपासून सल्फाइड बनवतात, जिथे पाणी खळाळतं तिथे हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, तो वरच्या ओल्या भिंतीवर बसतो आणि दुसरे जंतू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात, पीएच १-२ पर्यंत उतरतो. मेलबर्नमध्ये सी. डी. पार्कर यांनी १९४५ मध्ये हे जंतूंचं काम आहे हे दाखवून दिलं. सल्फाइड बनण्याचा वेग तापमानाबरोबर वाढतो, पोमेरॉय यांच्या पद्धतीत प्रत्येक अंशाला ७ टक्के धरतात, म्हणजे २० अंशांच्या मानाने ३० अंशांना जवळपास दुप्पट. आपल्याकडे सांडपाणी ३० अंशांच्या आसपास सहज असतं, तेव्हा युरोपातल्या लायनरचा अनुभव इथे जसाच्या तसा लावू नका.

तरीसुद्धा पॉलिएस्टर, व्हिनाइल एस्टर किंवा इपॉक्सीचा चांगला क्युअर झालेला लायनर हे ॲसिड काँक्रीटपेक्षा कितीतरी चांगलं सोसतो. धोका असतो तो ग्लास फायबरला. साधी ई ग्लास ॲसिडमध्ये आली की तिच्यातलं कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम धुऊन निघतं, आणि त्याच वेळी फायबर ताणात असेल तर तडा भराभर पुढे जातो. याला स्ट्रेन कोरोजन म्हणतात आणि यात ॲसिड आणि ताण दोन्ही एकत्र लागतात, एकटं ॲसिड किंवा एकटा ताण तेवढं करत नाही. जीआरपी (ग्लास फायबरने मजबूत केलेल्या प्लास्टिकच्या) पाइपासाठी म्हणूनच एएसटीएम डी ३६८१ सारखी टेस्ट आहे, पाइप दाबून वाकवायचा, आत सल्फ्युरिक ॲसिड ठेवायचं आणि १०,००० तासांपर्यंतच्या बिघाडांवरून ५० वर्षांचा सोसणारा ताण काढायचा. बोरॉन नसलेली ईसीआर ग्लास यात खूप बरी. लायनरच्या डेटाशीटमध्ये कुठली ग्लास आहे हे नसेल तर लेखी विचारा.

मॉडेलमध्ये याचा अर्थ असा की रेझिनचा आतला थर शाबूत आहे तोवर ॲसिडचा फॅक्टर जवळपास १ धरता येतो, आणि तो थर फाटला, जेटिंगने, चुकीच्या कटिंगने किंवा सुरकुतीवरच्या तड्याने, की तिथे घड्याळ सुरू होतं. म्हणून हे पूर्ण लायनरच्या सरासरीत घालू नका, ठिकाणाप्रमाणे घाला. पंपिंग मेन जिथे गुरुत्वाच्या लाइनमध्ये सुटते तिथलं मॅनहोल, उंचावरून पडणारं ड्रॉप मॅनहोल, तीव्र उतार संपतो ती जागा, इथे वेगळा हिशेब.

आणि अल्कली. पॉलिएस्टरचे एस्टर बंध अल्कलीत ॲसिडपेक्षा लवकर तुटतात. बाहेरचा जुना पाइप काँक्रीटचा असेल तर त्याच्या ओल्या छिद्रांतलं पाणी पीएच १२-१३ चं असतं आणि ते लायनरच्या बाहेरच्या अंगाला कायम लागलेलं असतं. सगळे आतल्या बाजूला ॲसिड शोधत बसतात, बाहेरची बाजू कुणी बघत नाही. कापड रंगवणारे किंवा कॉस्टिक वापरणारे कारखाने जिथे लाइनला जोडलेत तिथे आतूनही हाच त्रास. निदान काही पट्ट्या अल्कलीतही ठेवा.

पायरी ६: गरम करून वेळ वाचवायचा, पण जपून

५० वर्षं कुणी थांबू शकत नाही म्हणून पट्ट्या जास्त तापमानाला ठेवून ऱ्हास लवकर घडवतात आणि ॲरेनियसच्या नियमाने खाली आणतात. किमान तीन तापमानं घ्या, समजा ३०, ४५ आणि ६०. दर लॉगमध्ये आणि केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्त, असा ग्राफ काढा, सरळ रेष आली तर उतारावरून ॲक्टिव्हेशन एनर्जी मिळते.

हा नियम किती नाजूक आहे ते आकड्यांत बघा. ॲक्टिव्हेशन एनर्जी ६० किलोज्यूल प्रति मोल धरली तर ६० अंशांवरचं एक वर्ष म्हणजे ३० अंशांवरची साडेआठ वर्षं. ८० धरली तर तेच एक वर्ष १७ वर्षांचं होतं. दोन्ही आकडे पुस्तकात सापडतील असे आहेत, आणि उत्तरात दुपटीचा फरक. त्यामुळे पुस्तकातून उचललेली ॲक्टिव्हेशन एनर्जी वापरून काढलेलं आयुष्य माझ्या मते रिपोर्टमध्ये घालू नये, आपल्याच रेझिनवर मोजलेलीच घालावी.

दुसरं म्हणजे ग्लास ट्रान्झिशन तापमान. त्याच्याजवळ गेलात की रेझिन रबरासारखं वागायला लागतं आणि जे दिसतं ते सीवरमध्ये कधीच होणार नसतं. भिजलेल्या रेझिनचं हे तापमान कोरड्यापेक्षा खाली असतं, म्हणून ते भिजलेल्या पट्टीवर डीएमएने (तापमान वाढवत कडकपणा मोजणारी चाचणी) मोजा आणि टेस्टचं तापमान त्याच्या बरंच खाली ठेवा. अर्धवट क्युअर झालेला लायनर असेल तर आणखी एक गंमत होते, गरम केल्यावर तो आधी आणखी क्युअर होतो आणि मॉड्युलस वाढतो, मग खाली येतो. ग्राफ सुरुवातीला वर जाताना दिसला तर घाबरू नका आणि ती वाढ फिटमध्येही घेऊ नका, डीएससीवर (गरम करताना सुटणारी उष्णता मोजणारी चाचणी) उरलेलं क्युअर तपासा.

पायरी ७: सगळं जोडा, पण एकच गोष्ट दोनदा मोजू नका

आता प्रत्येक वर्षासाठी मॉड्युलस म्हणजे सुरुवातीचा मॉड्युलस गुणिले क्रीपचा फॅक्टर गुणिले भिजण्याचा फॅक्टर गुणिले रासायनिक ऱ्हासाचा फॅक्टर, आणि जाडी म्हणजे सुरुवातीची वजा झीज. इथे सगळ्यात कॉमन गोंधळ होतो. क्रीपची टेस्ट पाण्यात बुडवून केली असेल तर भिजण्याचा परिणाम त्यातच आलाय, वर परत भिजण्याचा फॅक्टर लावला तर तोच दोनदा वजा झाला. एक तक्ता करा, प्रत्येक टेस्टसमोर लिहा की ती कोरडी होती की ओली, कुठल्या तापमानाला, ताणात की बिनताणाची. तक्ता नीट भरला की कुठले फॅक्टर गुणायचे आणि कुठले नाहीत ते बघूनच कळतं.

त्यानंतर मॉन्टे कार्लो. नाव मोठं आहे पण एक्सेलमध्येही होतं. जाडी, मॉड्युलस, चपटेपणा, पाण्याची उंची, यांना एकेक आकडा न देता पसारा द्या, जो तुमच्या मोजमापांतून आलाय. १०,००० वेळा यादृच्छिक आकडे काढा, प्रत्येक वेळी पायरी २ चं गणित करा, यावेळी सेफ्टी फॅक्टर न लावता, कारण अनिश्चितता आता पसाऱ्यातच आलीये, आणि किती वेळा पाण्याचा दाब सहनशक्तीच्या वर गेला ते मोजा. हे ०, १०, २०, ३०, ५० वर्षांना करा. मग उत्तर असं येतं की अमुक वर्षाला बिघडण्याची शक्यता इतके टक्के, आणि महापालिकेच्या इंजिनिअरला निर्णय घ्यायला हेच लागतं. कुठल्या इनपुटने उत्तर सर्वांत जास्त हलतं तेही काढा. बहुतेक वेळा जाडी आणि चपटेपणा वरती येतात आणि क्रीप त्यांच्या खाली. तसं आलं तर पुढचा पैसा प्रयोगशाळेऐवजी सीसीटीव्ही आणि जाडी मोजण्यावर घालवा, असं रिपोर्टमध्ये बिनधास्त लिहा.

पायरी ८: जमिनीतून काढलेला तुकडा

वरचं सगळं मॉडेल शेवटी एका गोष्टीसमोर उभं करायचं असतं, खऱ्या सीवरमधून वर्षांनंतर काढलेल्या तुकड्यासमोर. अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण संरक्षण संस्था) २०१२ मध्ये असा एक अभ्यास प्रसिद्ध केला, डेन्व्हर आणि कोलंबस या शहरांमधून ५ ते २५ वर्षं वापरात असलेल्या लायनरचे तुकडे काढून तपासले, आणि एकंदरीत ते चांगल्या स्थितीत निघाले. दिलासा देणारी गोष्ट आहे. पण अशा प्रत्येक अभ्यासात एक अडचण येतेच, लायनर टाकला त्या दिवशीचा मॉड्युलस आणि जाडी नोंदवलेली नसेल तर आज कमी दिसणारा आकडा ऱ्हासामुळे कमी झालाय की पहिल्यापासूनच कमी होता हे सांगता येत नाही. म्हणून नवीन काम चालू असेल तर आजच तुकडे काढून, मोजून, काही तसेच न मोजता जपून ठेवा. वीस वर्षांनी हे काम करणाऱ्याला तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतील.

तुकडा हातात आला की मशीनवर चढवायच्या आधी कडेकडून नीट बघा. आतल्या बाजूला चकचकीत पातळ फिल्म दिसेल, ती ताकदीत धरत नाहीत, जाडी मोजताना वगळा. मग फेल्टचे थर. जिथे रेझिन नीट मुरलं नाही तिथे पांढरट, कोरडे, पिसासारखे डाग दिसतात, नखाने खरवडले तर सुटतात. बारीक बुडबुड्यांची रांग दिसली तर ती बाहेरच्या अंगाला आहे की मध्ये ते टिपा. ताज्या कापलेल्या कडेला स्टायरिनचा (रेझिनमधलं एक रसायन) उग्र वास आला तर क्युअर अर्धवट आहे. बाहेरच्या अंगाला नुसत्या रेझिनचा थर बसला असेल तर तोही वगळा, आणि जाडी एका ठिकाणी न मोजता पाच-सहा ठिकाणी मोजा.

पट्टी कापायची ती पाइपाच्या गोलाईच्या दिशेने, लांबीच्या नाही, कारण बकलिंग गोलाईत होतं आणि ग्लास फायबरच्या लायनरमध्ये दोन्ही दिशांचे मॉड्युलस बरेच वेगळे असतात. गोलाईची पट्टी वाकडी असते, तिच्या टेस्टची पद्धत आयएसओ ११२९६ च्या भाग ४ मध्ये दिलीये. मॅनहोलमध्ये साच्यात क्युअर केलेला सॅम्पल आणि लाइनच्या मधला खरा लायनर यांत फरक असतो, मॅनहोलमधल्याला थंड जमीन आणि गळणारं पाणी लागलेलं नसतं म्हणून तो बऱ्याचदा चांगला निघतो. तक्त्यात यासाठी वेगळा कॉलम ठेवा.

तुकडा काढल्यावर लगेच ओल्या फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड टेपने बंद करा. ट्रकच्या मागे उन्हात पडून तो सुकला की मऊपणा निघून जातो आणि प्रयोगशाळेत मॉड्युलस प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो, आणि हे नंतर कुणाच्या लक्षातही येत नाही. पिशवीत घालायच्या आधी तुकड्यावर न पुसणाऱ्या पेनने पाण्याच्या प्रवाहाची दिशा बाणाने दाखवा, घड्याळाच्या काट्याप्रमाणे जागा लिहा, म्हणजे १२ वाजता कमान आणि ६ वाजता तळ, मॅनहोल नंबर, तारीख, आणि लायनर टाकल्याचं वर्ष. मग ओल्या अवस्थेतच वजन करा, टेस्ट करा, आलेला आकडा मॉडेलच्या त्या वर्षाच्या पट्ट्यात बसतो का बघा, बसला नाही तर क्रीपचा उतार हलवायच्या आधी जाडी परत एकदा मोजा.